पुण्याच्या रस्त्यावर सायकलस्वार आणि गाडीचालक: नव्याने बाहेर पडणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते. आज त्याच रस्त्यांवर दुचाकी, मोटारी, रिक्षा आणि पीएमपीच्या बस यांची दाटी झाली आहे, तरीही दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचवणारे, बांधकामावर जाणारे मजूर, सुरक्षारक्षक, विद्यार्थी आणि हौसेने सायकल चालवणारे असे अनेक जण रोज सायकलवर असतात. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल योजना मंजूर केली आणि काही रस्त्यांवर सायकल मार्गही झाले; परंतु ते सलग नसल्यामुळे सायकलस्वाराला प्रवासाचा बराचसा भाग मोटारींच्या सोबतीनेच करावा लागतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात येऊन नुकतीच सायकल घेतलेल्यांसाठी, तसेच परवाना हाती येताच मोटार किंवा दुचाकी घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दोघांनीही तो पूर्ण वाचावा, कारण समोरच्याची अडचण ठाऊक असल्याशिवाय आपली चूक नेमकी कोठे होते हे लक्षात येत नाही.

लेखातील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पुढच्या दोन-तीन सेकंदांत आपण काय करणार आहोत, हे रस्त्यावरील दुसऱ्या माणसाला आधी कळले पाहिजे. दिवा, हात, इंडिकेटर, रस्त्यावर घेतलेली जागा, वेग या सगळ्यांचा उपयोग शेवटी त्यासाठीच आहे.

सायकल घेऊन निघण्यापूर्वी

प्रथम ब्रेक तपासावेत. सायकल हाताने पुढे ढकलून आधी पुढचा आणि मग मागचा ब्रेक दाबून पाहावा. चाक जागच्या जागी थांबले पाहिजे आणि ब्रेकची मूठ हँडलला टेकता कामा नये. मग टायर अंगठ्याने दाबून हवा पाहावी, चेन सैल नाही ना ते पाहावे आणि घंटी वाजवून पाहावी. सीटची उंची इतकी असावी की थांबल्यावर निदान एका पायाचा चवडा जमिनीवर सहज टेकेल. शहरात दर काही मिनिटांनी थांबावे लागते, आणि त्या वेळी तोल गेला तर शेजारची गाडी हातभर अंतरावर असते.

हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यात सायकलस्वाराला नाही. तरीही ते घालावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते कपाळावर, भुवयांच्या वर सुमारे दोन बोटांवर बसले पाहिजे. मागे सरकवून घातलेले हेल्मेट पुढे पडल्यावर कपाळ उघडेच ठेवते. हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. कपडे फिकट किंवा भडक रंगाचे असावेत. ओढणी, पदर, पिशवीचे बंद आणि सैल पँटचा पाय चाकात किंवा चेनमध्ये अडकणार नाही याची खात्री करावी, आणि हँडलला पिशव्या लटकवण्याऐवजी सामान कॅरिअरवर बांधावे, कारण हँडलवरचे वजन नेमके वळतानाच तोल बिघडवते.

पहिले काही दिवस कामाच्या वेळेला थेट मुख्य रस्त्यावर जाऊ नये. रविवारी सकाळी एकदा संपूर्ण मार्ग सायकलवरून पाहून घ्यावा. खड्डे, खोल गेलेली चेंबरची झाकणे, पट्टे पुसले गेलेले गतिरोधक आणि शाळांची फाटके कोठे आहेत ते लक्षात ठेवावे. पुण्यात समांतर गल्ल्या पुष्कळ आहेत; थोडे लांब पडले तरी आतल्या रस्त्याने जाणे बहुधा सोयीचे ठरते. उड्डाणपूल मात्र टाळावेत. पुलावर गाड्यांचा वेग वाढतो, बाजूला सरकायला जागा नसते आणि चढावर सायकल मंदावते. खालचा रस्ता गजबजलेला असला तरी तेथे वेग कमी असतो.

रस्त्यावर आपली जागा

नवखा सायकलस्वार भीतीपोटी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटून चालतो. या चुकीबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती सावधपणासारखी दिसते आणि प्रत्यक्षात धोका वाढवते. कडेला माती, बारीक खडी, काचा आणि पावसाळी जाळ्या असतात. सिमेंटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामधील लांबट फटीत सायकलचे पुढचे चाक शिरले, तर हँडल वळतच नाही. शिवाय कडेला चिकटलेल्या सायकलस्वाराशेजारून आपण अंग चोरून निघू शकतो, असे मागच्या चालकाला वाटते. आणि नेमक्या त्याच क्षणी समोर खड्डा आला की सायकलस्वाराला उजवीकडे सरकण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून डाव्या कडेपासून दोन ते तीन फूट अंतर ठेवून सरळ रेषेत चालावे. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना हे अंतर निदान एका उघड्या दाराइतके ठेवावे. दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरणे आणि पुन्हा बाहेर येणे टाळावे. मागच्याच्या दृष्टीने तुम्ही तेवढ्या वेळापुरते नाहीसे होता आणि मग अचानक समोर उभे राहता.

रस्ता इतका अरुंद असेल की मोटार आणि सायकल शेजारून सुरक्षितपणे जाऊच शकत नाहीत, तर काही अंतरापर्यंत आपल्या लेनच्या मधोमध चालण्यात गैर काही नाही. पेठांमधील रस्त्यांवर किंवा मेट्रोच्या अथवा ड्रेनेजच्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांमधून जाताना हीच पद्धत योग्य आहे. रुंद जागा येताच डावीकडे सरकून मागच्याला हाताने पुढे जाण्याची खूण करावी.

विरुद्ध दिशेने कधीही जाऊ नये. फर्ग्युसन रस्ता डेक्कनकडून शिवाजीनगरच्या दिशेने आणि जंगली महाराज रस्ता त्याच्या उलट, असे दोन्ही एकदिशा आहेत. त्यामुळे वळसा वाचवण्यासाठी सायकलीच काय, दुचाकीसुद्धा उलट्या येताना दिसतात. समोरून येणाऱ्याचा आणि आपला वेग एकमेकांत मिळवला जात असल्यामुळे चुकवायला वेळच उरत नाही, आणि गल्लीतून रस्त्यावर येणारा चालक त्या दिशेला पाहतही नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट दिशेने वाहन चालवणे आणि हातात मोबाइल धरून चालवणे या दोन्हींचा समावेश धोकादायक वाहन चालवण्यात झाला आहे. सायकलस्वाराला थोडेसे अंतर उलट जाणे भागच असेल तर त्याने उतरावे आणि सायकल हातात धरून पदपथावरून चालत जावे.

सायकल मार्ग सलग आणि मोकळा असेल तेथे तो अवश्य वापरावा. पुण्यात तो मध्येच उभ्या दुचाकींनी किंवा हातगाड्यांनी अडवलेला आढळतो. असा अडथळा दुरून दिसताच वेग कमी करावा, मागे वळून पाहावे आणि मगच मुख्य रस्त्यावर यावे. गाडीचालकांनी सायकल मार्गावर गाडी उभी करू नये आणि कोंडी झाली म्हणून त्यात दुचाकी घालू नये. तुम्ही वाचवलेल्या मिनिटासाठी एखादे शाळकरी मूल बसच्या वाटेत ढकलले जाते.

वळताना आणि चौकात

वळण्याची तयारी वळणाच्या बरीच आधी सुरू झाली पाहिजे. क्रम असा ठेवावा: खांद्यावरून मागे पाहणे, हात दाखवणे, पुन्हा एकदा पाहणे आणि मग हळूहळू सरकणे. उजवीकडे वळायचे असल्यास उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढावा. डावीकडे वळताना डावा हात त्याचप्रमाणे दाखवावा. वेग कमी करत असल्यास उजवा हात बाहेर काढून तळवा जमिनीकडे ठेवावा आणि हात खाली-वर हलवावा. एका हाताने सायकल धरून मागे वळून पाहताना ती सरळ राहिली पाहिजे. त्याचा सराव आधी मैदानात करावा.

लहान रस्त्यावर उजवीकडे वळताना सरकत सरकत मध्यापर्यंत येणे ठीक आहे. स्वारगेट, नळ स्टॉप किंवा संचेती चौकासारख्या मोठ्या चौकात नवख्याने तसे करू नये. तेथे आधी हिरव्या सिग्नलवर सरळ पलीकडे जावे, डाव्या कोपऱ्यावर थांबून सायकल हव्या त्या दिशेला वळवावी आणि त्या दिशेचा सिग्नल लागला की पुढे निघावे. तेही अवघड वाटल्यास उतरून झेब्रा पट्ट्यांवरून चालत जावे. यात एक सिग्नल जास्त थांबावे लागते, इतकेच. लाल दिवा सायकललाही लागू असतो. रस्ता रिकामा दिसतो म्हणून पुढे निघालेल्या सायकलस्वाराचा अंदाज आडव्या रस्त्याने येणाऱ्या चालकाला बांधता येत नाही. डावीकडे वळणाऱ्यांनीही तशी परवानगी देणारा फलक किंवा बाण असेल तरच लाल दिव्यावर वळावे.

बस, ट्रक आणि काँक्रीटचे मिक्सर यांच्या डाव्या बाजूला चौकात कधीही उभे राहू नये. चालक उंचावर आणि उजवीकडे बसलेला असतो. डाव्या पुढच्या कोपऱ्याशी असलेली सायकल त्याला काचेतून दिसत नाही आणि आरशातही पूर्ण दिसत नाही. असे लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती कोपऱ्याच्या अधिक जवळून जातात. सुरुवातीला पुरेशी वाटणारी जागा त्यामुळे वळता वळता संपते. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे धरून मागेच थांबावे. बसथांब्यावर उभ्या असलेल्या बसलाही डावीकडून ओलांडू नये, कारण तेथे प्रवासी उतरत असतात.

गाडी चालवणाऱ्यांसाठी

सायकलस्वाराला मागे टाकताना मध्ये किती अंतर असावे? जर्मनीत २०२० पासून शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर कायद्याने ठरवून दिले आहे. आपणही शहरात निदान दीड मीटर मनाशी पक्के करावे. सायकलचे हँडल दोन फुटांच्या आसपास रुंद असते, खड्डा चुकवताना सायकल सहज फूट-दोन फूट सरकते आणि मोठे वाहन वेगाने जवळून गेले की हवेच्या झोतानेही ती हलते. दीड मीटर हे अंतर या सगळ्यासाठी लागते. तेवढी जागा नसेल तर मागे राहावे. मागे राहण्याने नेमका किती वेळ जातो, हेही पाहू. ताशी ४० किलोमीटरने १०० मीटर जायला सुमारे ९ सेकंद लागतात आणि सायकलच्या ताशी १५ किलोमीटर वेगाने २४ सेकंद. म्हणजे संपूर्ण १०० मीटर सायकलमागे राहिलात तरी १५ सेकंद जातात, आणि ते बहुधा पुढच्या लाल सिग्नलवर तसेही गेलेच असते.

मागे टाकताना आरसे पाहावेत, उजवा इंडिकेटर द्यावा, पूर्ण बाजूने पुढे जावे आणि सायकल डाव्या आरशात स्पष्ट दिसू लागल्यावरच पुन्हा डावीकडे यावे. सायकलला मागे टाकून लगेच डावीकडे वळणे हा विशेष धोक्याचा प्रकार आहे. सायकलस्वाराचा वेग आपल्याला वाटतो त्यापेक्षा अधिक असतो, आणि तुम्ही वळता तेव्हा तो थेट तुमच्या डाव्या दारावर येऊन पोहोचतो. डावीकडे वळायचे असेल तर सायकलला आधी पुढे जाऊ द्यावे. रिक्षाचालकांनी आणि दुचाकीस्वारांनी हे अधिकच लक्षात ठेवावे, कारण प्रवासी दिसताच कडेला वळण्याची सवय फार पटकन लागते.

हॉर्नबद्दल एक विनंती आहे. अगदी मागे येऊन लांब हॉर्न वाजवला की नवखा सायकलस्वार दचकतो आणि दचकलेला माणूस सरळ चालत नाही. आपण येत आहोत हे कळवायचेच असेल, तर बरेच अंतर असताना एकदाच हलका हॉर्न द्यावा. सायकलस्वारानेही मागच्या हॉर्नने घाबरून लगेच कडेच्या मातीत उतरू नये. आपली रेषा सांभाळावी आणि जागा मिळताच वाट द्यावी.

उभ्या गाडीचे दार उघडण्याची रीत चालकाने स्वतः शिकावी आणि प्रवाशांनाही शिकवावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी असते, त्यामुळे त्याचे दार थेट वाहतुकीत उघडते. दार नेहमी दूरच्या, म्हणजे डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे अंग आपोआप वळते, नजर आरशावरून मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. नेदरलँड्समध्ये रुजलेली ही सवय ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही जानेवारी २०२२ मध्ये घेतली गेली. डाव्या बाजूच्या प्रवाशांनी उजव्या हाताने दार उघडावे. सिग्नलवर गाडी थांबलेली असताना तर मुळीच उतरू नये, कारण थांबलेल्या गाड्यांच्या डावीकडून सायकली आणि दुचाकी पुढे येत असतात.

वेगाचा हिशेबही ध्यानात असावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच एवढे अंतर संपलेले असते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. जेथे चालणारे आणि सायकलस्वार मोटारींमध्ये मिसळलेले असतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, बाजार आणि पेठांमध्ये हा आकडा आपण स्वतःवर घालून घ्यावा.

घाट आणि महामार्ग

सिंहगड, खडकवासला, बोपदेव आणि दिवे घाट या वाटांवर सुट्टीच्या सकाळी सायकलस्वारांचे गट असतात. चढावर सायकल ताशी सात-आठ किलोमीटरवर येते आणि दम लागला की थोडी डोलते. त्यामुळे गाडीचालकाने वळणावर तिला ओलांडू नये, समोरचा रस्ता दूरवर दिसेल तेथेच पुढे जावे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियम आहे, आणि चढणाऱ्या सायकलसाठीही तो पाळावा. सायकलस्वारांनी घाटात एकामागे एक चालावे. गट मोठा असल्यास तीन-चार जणांचे तुकडे करून मध्ये एक मोटार शिरू शकेल इतके अंतर सोडावे. थांबायचे तर वळणावर थांबू नये, रस्ता सोडून साइडपट्टीच्या बाहेर उभे राहावे. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत वेग सतत ताब्यात ठेवावा आणि वळणात शिरण्यापूर्वीच तो कमी करावा. कात्रजच्या जुन्या बोगद्यात उन्हातून शिरताना काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिवसाही तेथे पुढचा आणि मागचा दिवा लावावा, आणि गाडीचालकांनी बोगद्याच्या तोंडाशी वेग अगदी कमी करावा.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतारही सायकलस्वाराने टाळावा. तेथे अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन गंभीर अपघात झालेले आहेत, आणि अशा वेळी सायकलस्वाराचे कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही.

रात्र आणि पाऊस

अंधार पडण्याआधीच पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा. मागचा दिवा किंचित खाली झुकलेला असावा, म्हणजे मागच्याचे डोळे दिपत नाहीत. पायडलवरचे रिफ्लेक्टर सतत खाली-वर होत असल्यामुळे सायकल आहे हे मागच्याला दुरूनच ओळखू येते; ते तुटले असल्यास नवे बसवावेत. गाडीचालकांनी शहरात अप्पर लाइट लावू नये, आणि समोरून सायकल येत असेल तर शहराबाहेरही डिपर द्यावा.

पहाटे आणि रात्री सायकलवर असलेल्यांपैकी बहुतेक जण पोटासाठी निघालेले असतात आणि त्यांच्या सायकलला अनेकदा दिवाच नसतो. आपल्या सोसायटीत येणाऱ्या दूधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या आणि रखवालदाराच्या सायकलला रहिवाशांनी एक लाल दिवा आणि चकाकणारी पट्टी स्वतः बसवून द्यावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि खर्चही फार नाही. आधी त्यांची परवानगी घ्यावी आणि दिव्याचा सेल संपला की तोही बदलून द्यावा.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे आणि कामाच्या ठिकाणी अंथरलेल्या लोखंडी प्लेटा त्याहून निसरड्या असतात. त्यांवरून सरळ जावे, तेथे वळू नये आणि ब्रेकही दाबू नये. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाल्यावर उशिरा धरतात, म्हणून ते आधीपासून हलके दाबावेत. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. उतरून चालत जावे. गाडीचालकांनी डबक्यातून वेगाने जाऊ नये, कारण तोंडावर पाणी उडालेल्या सायकलस्वाराला काही क्षण समोरचे काहीच दिसत नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातील रस्ता बंद होतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. पावसाळ्यात तिकडून जाणाऱ्यांनी घरून निघण्यापूर्वीच दुसरा मार्ग ठरवून ठेवावा.

अपघात झालाच तर

आधी माणूस, मग वाहन आणि त्यानंतर वाद. मागून येणारी वाहतूक थांबवावी आणि ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर फोन करावा. डोक्याला, मानेला किंवा पाठीला मार असल्याची शंका असेल तर जखमीला विनाकारण हलवू नये आणि हेल्मेट ओढून काढू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची जबाबदारी आहे. तेथून निघून जाणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. जवळ उभे असलेले लोक पोलिसांच्या भीतीने पुढे येत नाहीत. त्यांना कलम १३४अ चे संरक्षण आहे: सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई करता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्र सरकारची विनारोकड उपचार योजना लागू आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि मोटारीच्या धडकेने जखमी झालेला सायकलस्वारही त्यात येतो. रुग्णालयात पोहोचताच या योजनेची विचारणा करावी.

दुखापत किरकोळ असेल तर वाहने हलवण्याआधी जागेची आणि गाडीच्या क्रमांकाची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा फोन क्रमांक मागून घ्यावा. रस्त्यावरच पैसे घेऊन विषय मिटवण्याची घाई करू नये, कारण काही दुखापती दुसऱ्या दिवशी जाणवू लागतात. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, गुंगी, विसराळूपणा किंवा वाढती डोकेदुखी जाणवली तर लगेच डॉक्टरांकडे जावे. सायकल पुन्हा चालवण्यापूर्वी दुरुस्तीच्या दुकानात चाकांचा आउट, पुढचा चिमटा आणि फ्रेमच्या जोडांवरील बारीक तडे तपासून घ्यावेत. ज्या हेल्मेटने आघात झेलला ते बाहेरून धड दिसत असले तरी बदलावे, कारण त्याच्या आतील थर एकदा दबला की पुन्हा पूर्ववत होत नाही.